पाच पायल्या राता

सखानं कालवणातली पहिली शिवली उचलली, तोंडाला लावली आणि ओढली. रस आला, मास नाय. असंल एखादी फुकी, म्हणून दुसरी उचलली. ती पण फुकी. तिसरी त्यानं बल्बाकडं धरून बघितली, जशी काय पाचशेची नोट खरी का खोटी बघतोय.

"जने, ह्या शिवल्या कुठल्या गो?"

"खाडीच्या. अजून कुठल्या?" जनी चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होती.

"खाडीच्या ते मला पण ठावं हाय. कधीच्या?"

"ऐतवारच्या."

"आज सुकरवार हाय."

"मग? मास खाल्लं, शिंपल्या धुवून वाळवून ठेवल्या. शिंपी काय नासते व्हय?"

कोपऱ्यात बसलेली पुतळी, सखाची आय, हातातली शिंपी ताटात टाकून म्हणाली, "तरीच! मी मगाधरनं हिरड्या झिजवतेय, म्हटलं मासच चिवट हाय."

"कालवणात वांगी हाय, चिंच हाय, मसाला हाय," जनीनं भाकर तव्यावर टाकली. "शिवल्या नुसत्या हजेरीला हायत. तुमच्या कंपनीत नाय का, चार जण हजेरी लावतात नि शेडच्या मागं झोपतात? तसं समजा."

सखाला हसू आलं. हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर त्यानं रस्सा भाकरीनं पुसून खाल्ला. अजून एक भाकर मागायला तोंड उघडलं, पण परातीत पीठ उरलेलं नव्हतं. मग त्यानं ते तोंड पाणी पिऊन मिटलं.

घर कासू गावाच्या खालच्या अंगाला, खाडीकडं. दीड एकर खारी जमीन. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवले आणि दुसऱ्याच दिवशी पुनवेच्या उधाणाला बांधाला खांड गेली. खांड म्हणजे भगदाडच, आख्खा टेम्पो जाईल एवढं. खाडीचं पाणी आत आलं ते चार दिवस घरच्यासारखं राहिलं. पोटरीला आलेलं भात उभ्या उभ्या जळालं. पाणी उतरल्यावर चिखलावर मीठ पांढरं धरलं. पुतळीचा नवरा जन्मभर मिठागरावर पाय कुजवत राबला, तवा कुठं मीठ पिकायचं. आता कोणी बोट न लावता शेतात पिकलं. पंचनामा करायला माणूस आला, फोटो काढून गेला.

घरात उरला एक निळा ड्रम. धाटावच्या कुठल्यातरी केमिकल कंपनीचा, भंगारातून घेतलेला, दहा पाण्यांनी धुतलेला. त्यात मागच्या सालचा राता तांदूळ होता. लाल, जाडा, खाऱ्या जमिनीतला. पाच पायल्या, म्हणजे वीस किलोच्या आसपास. त्याच्या झाकणावर जनीनं पाटा ठेवला होता, आणि पाट्यावर वरवंटा.

तो तांदूळ प्रतिक्षाचा. प्रतिक्षा त्यांची एकुलती लेक, वैशाखात रोह्याला दिली. जावई प्रविण धाटावला शिफ्टमध्ये. आणि ह्या खाडीकडच्या घरांत रीत अशी, की लेकीच्या पहिल्या संक्रांतीच्या आत तिच्या घरी आपल्या शेतातला तांदूळ पोचायला पाहिजे. विकतचा चालत नाय. दुकानाचा शिक्का मारलेली गोण घेऊन गेलं तर लेकीला जन्मभर ऐकावं लागतं, की हिच्या बापाचं शेत पाण्यात.

आणि ते तर खरंच पाण्यात होतं.

"आई, नको आणू गो," प्रतिक्षा फोनवर म्हणायची. "हितं कोण काय म्हणत नाय."

"म्हणत नायत तेच वाईट. म्हटलं असतं तर उत्तर दिलं असतं."

म्हणून दसऱ्यापासून घर रेशनवर आलं. तीन माणसं, महिन्याला पंधरा किलो. भाकरी पण त्यातली, भात पण त्यातला. खाडीकडच्या माणसाला पंधरा किलो म्हणजे पंधरा दिवस, ते पण पाहुणा आला नाय तर. सखाला डोलवीच्या लोखंडाच्या कारखान्यात ठेक्यावर काम होतं, पण ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदारानं स्वतःची गँग आणली. आता गेटवर उभं राहायचं, आठवड्यात तीन दिवस आत घेतलं तर घेतलं. त्या पैशात तेल, मसाला, लाईटबिल, पुतळीच्या बीपीच्या गोळ्या. तांदूळ त्यात बसत नव्हता. बाकी पोट भरायचं ते जनीनं डोक्यानं.

आणि डोकं तिचं चालायचं. सकाळी पेज, पण तांदूळ एक मूठ आणि पाणी तपेलीभर. वर खारातली मिरची, म्हणजे तिखटानं पाणी पाणी होऊन माणूस पेज जास्त पितो. मुळ्याचा पाला, वांग्याचे देठ, भोपळ्याची साल, सगळं ठेचून त्यात चिमूटभर जवळा. जवळा भाजला की वास अंगणाच्या पलीकडं जायचा. शेजारीण विचारायची, "काय गो जने, आज काय बेत?" जनी सांगायची, "सोडं घातलंय." सोडं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, तिनं दिवाळीपासून बघितलं नव्हतं. कढईत तेल ओतणं बंद झालं. बाटलीच्या तोंडाला फडकं बांधलं होतं, ते कढईला पुसायचं.

सकाळची पेज झाली की ती कालव्याच्या पाण्यावर वाल केलेल्या लोकांकडं शेंगा तोडायला जायची. दिवसभर वाकून. पैसे कमी सांगायची आणि वर शेंगा मागून घ्यायची. शेतवाला म्हणायचा, "जनीबाय, तुज्या पिशवीला बूड हाय का नाय?" ती म्हणायची, "बूड हाय, पण पोटाला नाय." तो हसायचा आणि अजून एक ओंजळ टाकायचा. घरी आल्यावर ती भिंतीला पाठ टेकून बसायची, आणि उठायला पुतळीचा हात लागायचा. सासू सत्तरीची, सून सत्तेचाळीसची. पुतळी म्हणायची, "उलटं झालं गो सगलं."

पुतळीचं वेगळंच. रेशनच्या तांदळात तिला जरा वेगळे, पांढरे दाणे दिसायचे. सरकार ताकदीसाठी टाकतंय, असं दुकानदारानं सांगितलेलं. पुतळीला ते पटलं नाय. ती सूप घेऊन उन्हात बसायची आणि एक एक दाणा वेचून बाजूला काढायची. "प्लास्टिक हाय ह्ये. आतड्याला चिकटतं."

"आय, ती ताकद हाय. ताकद फेकतेस तू," जनी म्हणायची.

"मग तूच खा ताकद. बघू, वालाच्या चार शेंगा जास्त तोडतेस का."

वेचलेले दाणे ती कोंबडीला टाकायची. जनी कोंबडीला हाकलून ते दाणे गोळा करायची, धुवायची आणि परत डब्यात टाकायची. दुसऱ्या दिवशी पुतळी तेच दाणे परत वेचायची. आठवडाभर असं चाललं. मग कोंबडीनं अंडं घालणं बंद केलं, आणि कोंबडीचाच रस्सा झाला. त्या रात्री तिघं जण पोटभर जेवली. नंतर दोन दिवस हाडं उकळली.

सखाला मात्र उपाशी राहायची कला नव्हती. तो अंगानं मोठा, हात फावड्यासारखे. डोलवीला दुपारी जेवायला बसले की सगळे डबे मधी ठेवायचे, ज्याला जे पाहिजे ते त्यानं घ्यायचं. पहिले काही दिवस सखाचा डबा सगळ्यात आधी संपायचा. ठेचा जनीच्या हातचा. लोक बोटं चाटायचे आणि म्हणायचे, "वैनीच्या हाताला काय चव हाय रं!" सखा दुसऱ्यांची चपाती आणि बटाटा खायचा. त्याला ते बरं वाटायचं. मग एक दिवस भरत नावाचा एक जण, डोलवीचाच, डब्यात बोट घालून म्हणाला, "सखादादा, ह्ये देठ हायत ना वांग्याचे? आमच्याकडं म्हशीला घालतात." सगळे हसले. वाईट मनानं नाय. भरतनं दुसऱ्या घासाला तेच देठ खाल्ले पण. पण सखा दुसऱ्या दिवसापासून स्क्रॅपच्या ढिगामागं बसून एकटा जेवायला लागला. मधी ठेवलेले डबे गेले, आणि त्यातली चपाती पण गेली.

जनीला त्यानं हे सांगितलं नाय. ती बघत होती एवढंच, की माणूस घरी येतो तवा पँट एका हातानं धरून येतो.

पौषात एका दुपारी ती शेंगा टाकून लवकर आली. डोकं फिरत होतं. दार लोटलेलं. आत पाटा खाली, वरवंटा बाजूला, ड्रमचं झाकण भिंतीला टेकलेलं. सखा ड्रमपाशी उकिडवा बसलेला. त्या दिवशी त्याला गेटवरून परत पाठवलं होतं. त्याचे गाल फुगलेले आणि दातांतून कडाकडा आवाज. कच्चे तांदूळ चावत होता.

जनी दारातच थांबली. सखाला ते गिळता पण येईना, थुंकता पण येईना.

"शिजवून तरी खायचे," जनी म्हणाली.

सखानं तोंडातलं मुकाट चावून संपवलं. वेळ लागला त्याला. पन्नास वर्साचा माणूस, पोरासारखा कान लाल.

"मूठभरच घेतले."

"मोजले नाय मी."

"भात लावला असता तर धूर दिसला असता तुला लांबून."

जनीच्या तोंडावर जबाब आला होता. तिच्या तोंडावर नेहमीच असायचा. पण तिनं बघितलं, त्याच्या मिशीला लाल कोंडा लागलेला. तिनं पदरानं तो पुसला, झाकण लावलं, पाटा उचलायला गेली, पण तिला तो उचलेना. सखानं उचलून ठेवला.

"आठ दिवस ऱ्हायले संक्रांतीला," ती म्हणाली. "पोरीची मान खाली नको जायला. तुमी मला एवढे आठ दिवस द्या."

"घे," सखा म्हणाला. "माझ्याकडं तेवढंच हाय."

संक्रांतीच्या दोन दिवस आधी जनीनं तांदूळ निवडला, पाखडला, नव्या पांढऱ्या पोत्यात भरला. सखाला त्या दिवशी नेमकं काम मिळालं, म्हणून तिनं एकटीनंच निघायचं ठरवलं. शेजारणीनं पोतं डोक्यावर दिलं. कासूच्या स्टेशनापर्यंत तिनं तीन जागी थांबून दम घेतला. गाडीत चढताना एका माणसानं खालून रेटा दिला, पोत्याला का तिला ते कळलं नाय, पण दोघं आत गेली.

रोह्याला सीताबाईनं, म्हणजे प्रतिक्षाच्या सासूनं, दारातच पाणी आणलं. ठेंगणी, गोल, पायात सपाता, तोंडात मिश्री. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, पण आत टाईल्स. प्रतिक्षानं पोतं बघितलं आणि तिचं तोंड उतरलं.

"आई, सांगितलेलं ना तुला."

"गप बस. विहीणबाई, आमच्या शेतातला हाय. राता. पयल्या संक्रांतीचा."

सीताबाईनं पोत्याचं तोंड सोडलं, एक दाणा उचलून दाताखाली धरला. "झ्याक हाय. जुना दिसतोय."

"मागच्या सालचा. जुना शिजायला चांगला."

"तुमच्याकडं बांध फुटला ना गो यंदा? पेपरात आलेलं."

"थोडा," जनी म्हणाली. "कडंकडंनं."

मग प्रतिक्षा आईला मागच्या मोरीकडं घेऊन गेली, हात धुवायच्या निमित्तानं. आईच्या दंडाला तिनं बोट लावलं. "ह्यो माझ्या लग्नात शिवलेला ब्लाऊज ना?"

"व्हय. का?"

"त्यात अजून एक बाई मावेल."

"मग काय, बोलव एखादीला."

प्रतिक्षा हसली नाय. तिनं नळ मोठा सोडला आणि तोंडावर पाणी मारत उभी राहिली.

जेवायला वरण, भात, वालाचं बिरडं, तळलेला बांगडा. भात बारीक, पांढरा, दुकानाचा. विहिणीच्या घरी कसं जेवायचं हे जनीला चांगलं ठाऊक. पहिला वाढा घ्यायचा, दुसऱ्याला हात आडवा करायचा, ताटात चार शितं ठेवून उठायचं. तिनं पहिला भात संपवला. सीताबाईनं दुसरा वाढला. हात आडवा करायचा होता, पण हात तर वरणात होता. तिसरा वाढला. जनी खाली बघून जेवत होती, कालवत होती, उचलत होती, घाम येत होता. प्रतिक्षानं दोनदा खाकरलं. चौथा भात घातला तवा पळी पातेल्याच्या बुडाला खरवडली. त्या आवाजानं जनीनं मान वर केली.

पातेलं मोकळं होतं. प्रतिक्षा आणि सीताबाई अजून जेवायच्या होत्या.

जनीच्या तोंडात घास होता. तिला आता तो चावता येईना.

"जेवा गो," सीताबाई म्हणाली. "माझा प्रविण नाईट करून आला की असाच जेवतो. मला बघायला आवडतं." आणि प्रतिक्षाला म्हणाली, "आपल्याला अर्धी वाटी लाव परत. कुकर हाय कशाला?"

जनीनं ते ताट संपवलं. ठेवून उठली असती तर जास्त लाज होती.

जेवण झाल्यावर सीताबाई आत गेली, सूप आणि शेराचं माप घेऊन आली आणि पोत्यापाशी बसली. एक शेर राता तांदूळ मापून तिनं डब्यात ओतला. मग पोत्याचं तोंड परत बांधायला घेतलं.

"ह्यो माझ्या देवाला. संक्रांतीला खीर करीन. घ्या विहीणबाई, तुमचं पोतं."

"पोतं? अवो, बाकीचा तांदूळ?"

"आमच्याकडं कुणाचं भांडं, पिशवी रिकामी परत करत नायत. तुमच्याकडं करतात?"

"नाय, पण…"

"मग? रिकामं पोतं कसं देऊ? पाप लावाल मला संक्रांतीच्या तोंडावर."

"अवो पण ह्यो माझाच तांदूळ हाय!"

"व्हता. तुमी दिलात का नाय?"

"दिला."

"मी घेतला का नाय? डब्यात ओतला, सुनेनं बघितलं. आता ह्यो माझा. माझा मी कुणालाबी देईन. तुमाला काय करायचंय?" सीताबाईनं सुतळीला अशी गाठ मारली की दातानं पण सुटू नये. "आणि खरं सांगू? जाडा भात आमच्या माणसांना जात नाय. गेल्या साली थोरल्या सुनेच्या माहेरचा आलेला, इडलीला भिजवून भिजवून कंटाळले मी. कुणाला बोलू नका."

जनीला भांडायचं होतं. लेकीच्या घरचं घ्यायचं नसतं, हे बोलायचं होतं. तीन महिने कसे काढले ते तर तिच्या घशापर्यंत आलं होतं. पण भांडायला पोट रिकामं लागतं. तिचं पोट आज भरलेलं, डोळ्यांवर झापड. तिनं प्रतिक्षाकडं बघितलं. प्रतिक्षा मान वर करून सरळ आईकडं बघत होती.

"ने आई," ती म्हणाली. "सासूनं दिलेलं मी पण परत करत नाय."

पोतं उचलताना जनीला ते गुडघ्याच्या वर येईना. मग सीताबाईनं पदर खोचला, एका बाजूनं ती, एका बाजूनं प्रतिक्षा, आणि चुंबळीवर ठेवलं. "बापा रे," सीताबाई म्हणाली, "ह्ये घेऊन आलात कशा तुमी?"

"येताना हलकं व्हतं," जनी म्हणाली.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. पोतं पायांत. समोर नागोठण्याची एक बाई बसलेली, टोपलीत कोथिंबीर. तिनं पोत्याला पायाच्या अंगठ्यानं दाबून बघितलं.

"काय हाय गो?"

"तांदूळ."

"कुठून?"

"लेकीच्या घरनं."

बाईनं भुवया वर केल्या. बाजूच्या दोघी पण वळल्या. "लेकीच्या घरनं? आणि आणलास?"

दुसऱ्या कुठल्या दिवशी जनीनं तिला कोथिंबिरीसकट गाडीतून उतरवली असती. आज तिनं डोकं खिडकीच्या गजाला टेकलं.

"व्हय. दिला, आणला."

बाईनं पाय मागं घेतला. मग म्हणाली, "आमच्या लेकीची सासू साधी चाय देत नाय," आणि कोथिंबिरीवर पाणी शिंपडायला लागली.

कासूला गाडी थांबली तवा दिवस कलला होता. सखा फलाटावर उभा होता. डोलवीवरून सुटून सरळ इकडं आलेला, अंगावर लोखंडाची लाल धूळ. रिकामं पोतं आणि बायको उतरंल असं त्याला वाटलेलं. दारात भरलेलं पोतं दिसलं तसा तो जागीच थांबला. मग धावत येऊन त्यानं ते खाली ओढून घेतलं. गाठीवरनं हात फिरवला.

"घेतला नाय त्यांनी?"

"घेतला."

"मग ह्यो?"

"त्यांचा हाय. त्यांनी दिला."

"पोरीला काय बोलले?"

"काय नाय. पोरीची मान ताठ हाय. माझीच जरा…" तिनं चुंबळ सोडून खांद्यावर टाकली. "घरी सांगते."

सखानं पोतं खांद्यावर टाकलं, पँट एका हातानं वर ओढली आणि फलाटाच्या टोकाच्या उतारावरून चालायला लागला. आधी चालत होता. मग पावलं लांब पडायला लागली. बांधाच्या वाटेला लागेपर्यंत तो तिच्यापुढं पन्नास पावलं गेला होता.

"अवो!" जनी मागनं ओरडली. "माझ्यात जीव नाय! पळताव कुठं?"

सखानं मान न वळवता सांगितलं,

"भात टाकाय!"